मन्याडचं पाणी टेलकडं निघालंय

जानेवारीतली सकाळ. संक्रांत नुकतीच होऊन गेलीय. बारूळच्या धरणाच्या पाळूवर धुकं इतकं दाट आहे की साखळी क्रमांक लिहिलेला पुढचा दगडसुद्धा जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही. पाणी दिसत नाही, ऐकू येतं. दगडी पिचिंगवर बारक्या लाटा येऊन फुटताहेत, आणि आत कुठंतरी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढणारी दोन पोरं एकमेकांना हाका मारताहेत.

माझ्या पुढं धरणावरचे चौकीदार चालताहेत. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात. कानाला मफलर, हातात काठी, कमरेला विळा आणि स्वेटरच्या खिशात पाण्याची रिकामी बाटली. बाटलीवरचं लेबल त्यांनी सोलून काढलंय.

"मधून चालू नगा," ते मागं न बघता म्हणतात. "कडंकडंनं चला. आपल्याला उतार बघायचाय."

हे निम्न मानार धरण. सरकारी कागदावर मानार, लोकांच्या तोंडी मन्याड. नदी तशी लहानच. बीड जिल्ह्यात धर्मापुरीकडं बालाघाटच्या डोंगरात निघते, लातूर जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यातून वाट काढत नांदेड जिल्ह्यात येते, लिंबोटीला एकदा अडते, कंधार ओलांडून इथं बारूळला दुसऱ्यांदा अडते. पुढं नायगाव-बिलोलीच्या मुलखातून मांजरेला, आणि मांजरेच्या सोबतीनं कंदकुर्तीला गोदावरीला. एप्रिल-मे महिन्यात हिच्या पात्रातून चालत गेलं तर चप्पलसुद्धा भिजत नाही. पावसाळ्यात वरच्या अंगाला दोन रात्री जोराचा पाऊस झाला की हीच मन्याड पूल झाकून टाकते. जे काही पाणी यायचं ते वर्षातल्या मोजक्या दिवसांत येतं आणि निघून जातं. ते धरून ठेवायचं तर बांध घालण्यावाचून इलाज नव्हता. साठच्या दशकात हा मातीचा बांध उभा राहिला तो त्यासाठी. पूर्ण भरला की यात वापराजोगं 138 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, पाच टीएमसीला थोडंसंच कमी. नांदेडजवळ खुद्द गोदावरीवर बांधलेल्या विष्णुपुरीची वापराजोगी साठवण 81 दशलक्ष घनमीटरच्याही आत आहे. म्हणजे या लहान नदीनं मोठ्या नदीवरच्या बंधाऱ्यापेक्षा जास्त पाणी पोटात घेतलंय. कंधार, नायगाव, बिलोली या तालुक्यांतल्या कालव्याखालच्या रानांचा रब्बी त्याच्यावर उभा आहे.

या खोऱ्याला मातीनं पाणी अडवणं नवीन नाही. कंधारला किल्ल्याजवळचा जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूटांच्या काळचा. हजार वर्षं होऊन गेली, तलाव अजून लोकांच्या बोलण्यात आहे, नकाशावर आहे, पावसाळ्यात पाण्यानं भरतोही. मन्याड खोऱ्याचं नाव विधानसभेत वर्षानुवर्षं दणाणत ठेवणारे भाई केशवराव धोंडगे याच कंधारचे. धरणांची, कालव्यांची, पाण्याच्या हक्काची भाषा इथल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

धुकं पातळ व्हायला लागलंय. आता पाळू नजरेत भरते. पाण्याकडचा उतार दगडांनी बांधलेला, खालचा उतार गवतानं झाकलेला. वरून बघणाऱ्याला हा नुसता मातीचा लांबलचक ढीग वाटेल. तो ढीग नाही. मधोमध काळ्या चिकणमातीचा गाभा आहे, पाणी रोखायचं काम त्याचं. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा भराव, वजन आणि आधार द्यायचं काम त्याचं. गाभ्याखाली जमिनीत खोल खणून, खालच्या पक्क्या थरापर्यंत जाऊन तीच काळी माती ठासून भरलेली असते, पाण्यानं पायाखालून वाट काढू नये म्हणून. आणि खालच्या अंगाला वाळू-खडीची गाळणी असते, कारण मातीचं धरण पाझरतंच. पाझरणं हा त्याचा दोष नाही. पाझर कुठून येतो, किती येतो आणि कसा येतो, यावर सगळं आहे.

मामा थांबतात. पिचिंगच्या दोन दगडांमधून वेड्या बाभळीचं वीतभर रोपटं वर आलंय. ते वाकून विळ्यानं कापत नाहीत. दोन्ही हातांनी धरून, हलवून हलवून, मुळासकट उपटतात. मूळ रोपट्याच्या दुप्पट लांब आहे.

"कापलं तर चार फुटतात," ते म्हणतात. "आन् मोठं झालं, मग वाळलं, की मुळाच्या जागी नळी राहते. पाण्याला कोणी वाट सांगावी लागते का?"

पुढं खालच्या उतारावर एक बीळ आहे. भोवती चुन्याची फक्की टाकून गोल केलाय. बीळ घुशीचं असावं, तोंडाशी उकरलेली माती ताजी दिसते. मामा काठी आत घालतात. काठी दीड-दोन फूट सहज जाते. ते खिशातून खडू काढून जवळच्या दगडावर खूण करतात आणि साखळी क्रमांक एका मळक्या वहीत लिहून घेतात. उद्या दोन मजूर घेऊन बीळ खणायचं, ओल्या चिकणमातीनं थराथरानं ठोकून भरायचं. नुसतं तोंड बुजवून उपयोग नाही. घूस दुसरीकडून निघते आणि आतलं पोकळ तसंच राहतं.

आम्ही पाळूच्या पायथ्याला उतरतो. इथं गवतात दव आहे, पँट गुडघ्यापर्यंत ओली होते. पायथ्याशी चर आहे, पाझराचं पाणी गोळा करून नदीकडं नेणारा. चराच्या तोंडाशी सिमेंटची छोटी भिंत, तिच्यात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची लोखंडी खाच. त्या खाचेतून पाणी पडतंय, मनगटाएवढ्या धारेनं. मामा खाचेमागच्या पट्टीवर पाण्याची उंची बघतात, वहीत आकडा टाकतात. मग ती लेबल काढलेली बाटली खिशातून निघते. ते ती धारेखाली धरतात, भरतात, बोटानं तोंड दाबतात आणि सूर्य ज्या बाजूनं वर यायला लागलाय तिकडं धरून निरखतात. फार वेळ निरखतात. बाटली फिरवतात, उलटी करतात, तळाशी काही बसतंय का बघतात.

पाणी नितळ आहे. बाटलीच्या पलीकडं मला मामांचा अंगठा स्पष्ट दिसतो, अंगठ्याच्या नखात अडकलेली माती दिसते.

"निवळ हाय," ते म्हणतात आणि पाणी ओतून देतात.

या एका शब्दासाठी आम्ही एवढं चालत आलोत. पाझराचं पाणी नितळ असेल तर धरण फक्त पाणी सोडतंय. गढूळ असेल तर धरण स्वतःची माती सोडतंय, आतून पोखरलं जातंय. अमेरिकेत आयडाहो राज्यात टेटन नावाचं मोठं मातीचं धरण 5 जून 1976 रोजी फुटलं. त्या दिवशी सकाळी सातच्या पुढं भिंतीच्या कडेला गढूळ पाण्याचा झरा दिसला. भोक बुजवायला बुलडोझर आणले, ते बुलडोझरच आत ओढले गेले, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण वाहून गेलं. जगातल्या हुशार अभियंत्यांनी बांधलेलं धरण, गढूळ धार दिसल्यावर अर्धा दिवससुद्धा टिकलं नाही. आपल्याकडं 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पुणं बुडालं. तेही मातीचंच. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं, खालची वाडी झोपेत वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकरी आधीपासून करत होते. नंतर खेकड्यांनी भिंत पोखरली अशी चर्चा झाली. मला त्या चर्चेचा राग आला होता, अजून येतो. खेकडा बीळ करणारच. ते बीळ वेळेवर पाहायला आणि बुजवायला माणूस का नव्हता, हा खरा प्रश्न आहे.

देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत आणि त्यातली बहुतेक मातीची आहेत. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केलीय. नाशिकला धरण सुरक्षिततेसाठी वेगळी संघटना आहे, तज्ज्ञ आहेत, अहवाल होतात. त्या सगळ्याचं मोल आहे. पण दोन तपासण्यांच्या मधले महिने मामांच्या काठीवर आणि बाटलीवर निघतात.

"तुमच्या जागी पुढं कोण?" मी विचारतो.

"बघू. रिटायर व्हायला दोन पावसाळे हायेत." ते चराच्या कडेचं गवत विळ्यानं कापायला बसतात. "पहिले आम्ही इथं बरेच जण होतो. एक जण पाळूवर, एक सांडव्यावर, एक दरवाज्यावर. रातपाळीला वेगळे. आता मीच हाय आन् एक रोजंदारीवरला पोरगा."

नऊच्या सुमाराला दरवाज्याशी जीप येऊन थांबते. रब्बीची पाणीपाळी सुटून आठवडा झालाय, पण टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचलेलं नाही. आज विसर्ग वाढवायचाय. तरुण शाखा अभियंता मोबाइलवर कुणाशी तरी बोलत उतरतो. दोन माणसं दरवाज्याच्या चाकाला हात घालतात. चाक करकरतं, फिरत नाही. रोजंदारीवरचा पोरगा ग्रीसचा डबा घेऊन येतो, स्क्रूच्या आट्यांना ग्रीस चोपडतो. पुन्हा जोर. या वेळी चाक हलतं आणि खालून आवाज बदलतो. आधी नुसता खळखळाट होता, आता घुमायला लागतो. विमोचकातून बाहेर पडणारं पाणी हिरवट काळं आहे, फेस घेऊन कालव्याच्या भिंतींवर आपटत पुढं सरकतं. कडेला बसलेले दोन ढोकरी बगळे उडतात आणि पुन्हा जरा पुढं जाऊन बसतात.

मी कालवा निरीक्षकाच्या मोटारसायकलवर मागं बसतो. कालव्याच्या कडेचा सेवा रस्ता कुठं आहे, कुठं नाही. सुरुवातीचे काही किलोमीटर कालवा भरून चाललाय आणि दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे, हळद आहे. हळदीची पानं वाळून पिवळी पडलीत, महिनाभरात काढणी आणि मग कढया लागतील. पाणी इथं हाताशी आहे, म्हणून इथली पिकं जास्त पाण्याची आहेत. पुढं पुढं अस्तर फुटलेलं दिसतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं काँक्रीट तिच्याबरोबर उचलतं आणि तडकतं. फटीतून बेशरम आणि पाणकणीस माजलंय. एका वळणावर झुडपात गुंतून पाणी तुंबलंय, तिथं कालव्याची पातळी काठाला टेकलीय.

"हे काढायला मजूर मिळतात, मंजुरी मिळत नाही वेळेवर," निरीक्षक गाडी हळू करत म्हणतो. त्याच्याकडं पूर्वी तिघा-चौघांकडं असलेलं अंतर एकट्याकडं आहे.

मग डोंगळे दिसायला लागतात. कालव्याच्या काठावरून आत सोडलेले काळे प्लास्टिकचे पाइप, एक टोक पाण्यात, दुसरं पलीकडच्या उसात. काही दगडाखाली लपवलेले, काही उघडेच. निरीक्षक पहिल्या तीन-चार ठिकाणी उतरतो, पाइप ओढून काढतो, कडेला टाकतो. रानातून एक म्हातारा ओरडतो, "साहेब, ऊस वाळायलाय वो!" निरीक्षक उत्तर देत नाही. पुढच्या डोंगळ्यांपाशी तो उतरतही नाही. "मी गेलो की पुन्हा पडणार," एवढंच म्हणतो.

डोंगळा टाकणाऱ्याला चोर म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. पाळी पुन्हा कधी सुटेल याची त्याला खात्री नाही, म्हणून आहे तोवर तो ओढून घेतो. पण त्याच्या प्रत्येक ओढण्यानं खाली नायगावच्या बाजूला कुणाचा तरी हरभरा मागं राहतो. पाणी टेलपासून वर, म्हणजे शेवटच्या रानाला आधी आणि धरणाजवळच्याला शेवटी द्यावं, हा नियम कागदावर आहे. 2005 मध्ये राज्यानं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना कायद्याचा आधार दिला, तो याच भांडणातून वाट निघावी म्हणून. जिथं संस्था जागी आहे तिथं पाणी पोचतं. जिथं ती फक्त फलकापुरती आहे तिथं डोंगळे पोचतात.

दुपार उलटते तेव्हा आम्ही नायगाव तालुक्याच्या हद्दीत असतो. 1999 मध्ये बिलोलीतून वेगळा काढलेला हा तालुका. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मन्याड आणि मधे नांदेड-देगलूर हमरस्ता. नरसीच्या चौकात हैदराबादकडं जाणाऱ्या मालमोटारींची रांग लागलेली असते, आणि त्या गर्दीपासून थोडं आत आलं की हे शांत, उघडं, काळं रान. कालवा इथं कालवा उरलेला नाही, वितरिका झालाय, मग चारी. चारीच्या तळाला भेगा पडलेल्या आहेत. सात-आठ माणसं खोरी आणि फावडी घेऊन चारीत उतरलीत. गाळ, काटक्या, वाळलेलं गवत, कुणीतरी फेकलेली फाटकी साडी असं सगळं उचलून काठावर टाकताहेत. कुणी बोलावलेलं नाही, कुणाला पैसे मिळणार नाहीत. पाणी येणार असा काल फोन आला म्हणून सगळे आलेत.

त्यात एक बाई आहे, साठीकडं झुकलेली, नऊवारी कासोट्यात खोचलेली. तिचं रान अगदी टोकाला. दोन एकर हरभरा. रानाच्या कोपऱ्यात येळवशीला उभी केलेली कडब्याची कोपी अजून तशीच आहे आणि तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव. आंबील-भज्जीचा तो सण महिन्यापूर्वी झाला. तेव्हा हरभरा फुलात होता.

"आता घाटे धरायलेत," ती म्हणते. एक डहाळी मोडून माझ्या हातावर ठेवते. घाटा दाबला तर आत हवा लागते, दाणा अजून बारीक आहे. खालची पानं पिवळी पडायला लागलीत. "या टायमाला एक पाणी भेटलं की दाणा भरतो. नाही भेटलं की नुसती फोलपटं."

"पाण्याचा अर्ज भरलाय का, मावशी?" निरीक्षक विचारतो.

"भरलाय की. सात नंबर. पावती हाय घरी." ती त्याच्याकडं बघते. "पाणीपट्टी बी मागची भरलीय. मागच्या साली पाणी आलं नाही, तरी भरली. बाकी दिसली तर फॉर्म घेत नाहीत मनून."

निरीक्षक काही बोलत नाही. खोरं उचलून तोही चारीत उतरतो.

पाच वाजून गेल्यावर पलीकडच्या बांधावरून एक पोरगा पळत येतो. "आलं! पाणी यायलंय!" सगळे चारीच्या वरच्या अंगाला बघतात. आधी काही दिसत नाही. मग वळणावरून एक तपकिरी जीभ पुढं येते. पाण्याच्या तोंडाशी पालापाचोळा, तुसं, फेस आणि एक प्लास्टिकचा चहाचा कप. ते सगळं ढकलत पाणी माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश येतंय. भेगेपाशी आलं की थांबतं, भेग पिते, बुडबुडे येतात, मग पुन्हा पुढं. पाण्याच्या पुढं पुढं मुंग्या, नाकतोडे, एक विंचू पळताहेत आणि ते टिपायला साळुंक्या चारीच्या काठावर उतरल्यात. सकाळी विमोचकात घुमणारं पाणी हे नव्हे, आठवड्यापूर्वी निघालेलं हे पाणी आहे. आजचं अजून वाटेत आहे, डोंगळ्यांच्या, तुंबलेल्या झुडपांच्या मधे कुठंतरी.

बाई दारं धरायला उभी राहते. युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती भरून केलेलं दारं ती पायानं सरकवते, फावड्याचे दोन वार घालून दंडाचं तोंड मोकळं करते. पाणी वळतं. पहिला सारा ओला व्हायला लागतो. ती वाकून एक ढेकूळ उचलते, बोटांत फोडते, आत किती भिजलंय ते बघते आणि दुसऱ्या साऱ्याकडं जाते. धार बारीक आहे. या वेगानं रात्रभर उभं राहिलं तरी दोन एकर होणार नाही, हे तिला माहीत आहे. शेजारचा म्हणतो, "काकू, अर्धं तुझं भिजव, मग मला दे. सकाळी राहिलेलं बघू." ती मान हलवते. वाद होत नाही. टेलच्या माणसांना एकमेकांशी भांडून काही मिळत नाही, एवढं त्यांना कळून चुकलंय.

निरीक्षक फोनवर आकडा सांगतो, चारीला किती उंचीनं पाणी चाललंय. पलीकडून विचारणा होते, पाळी कधी बंद करायची. "टेल भिजला नाही अजून," तो म्हणतो. पुन्हा तेच म्हणतो, जरा मोठ्यानं.

या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांकडं, येत्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांकडं, नव्या धरणाची मागणी करण्याआधी दोन गोष्टी मागा. बारूळच्या पाळूवर मामांच्या जागी कायमचा, शिकवून तयार केलेला माणूस, तोही मामा निवृत्त व्हायच्या आत, म्हणजे घुशीचं बीळ कसं ओळखायचं आणि बाटलीतलं पाणी कसं बघायचं हे तो त्यांच्याकडून शिकेल. आणि कालव्यावर पूर्वी होती तेवढी माणसं. मन्याडकाठच्या प्रत्येक ग्रामसभेनं हा ठराव मे महिन्याच्या सभेत घ्यावा आणि त्याची प्रत पाटबंधारे खात्याला द्यावी. पावसाळा जूनमध्ये सुरू होतो, आणि पाळूवरचं ते चुन्यानं गोल केलेलं बीळ त्याच्या आधी बुजलेलं असलं पाहिजे.